चारशे ग्रॅम

एकतीसच्या एकतीस मुलांचे वजन एका महिन्यात चारशे ग्रॅमने वाढले होते. आठवडाभर तापाने फणफणलेल्या मुलाचेसुद्धा. सामुदायिक आरोग्य व पोषणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी परिचारिकेचा अर्ज याच वाढीवर उभा होता. वयोमर्यादेमुळे ही शेवटची संधी. मुदत तासाभरात संपणार होती. “तू मुलांना दिलेल्या पौष्टिक पिठाचाच गुण, दुसरं काय! अर्ज पाठव गं,” तिची आई म्हणाली. “आजारी मुलालाही गुण?” परिचारिकेने वजनकाट्याला मुलांना बसवायची रिकामी झोळी अडकवली. जुनी विरली म्हणून आईनेच गेल्या महिन्यात ही जाड कापडाची शिवली होती. जुन्या झोळीसह शून्यावर लावलेला काटा चारशेवर थांबला. “काढ ती झोळी! कोण बघायला येतंय?” आईचा आवाज चिरकला. अर्जातल्या ‘वाढीचे कारण’ या रकान्यातले ‘पीठ’ खोडून परिचारिकेने लिहिले: नवी झोळी जुनीपेक्षा चारशे ग्रॅम जड, काटा शून्यावर आणायला मी विसरले.