वय वर्षे एकसष्ट

या मंडळी, जरा जवळ सरका, एक गोष्ट सांगतो. ‘बंदूक साफ करताना गोळी सुटून मृत्यू’ ही बातमी एका उपसंपादकानं इतक्यांदा लिहिली होती, की आता तो जुनीच काढून फक्त नाव आणि वय बदलायचा. परवा एक बाई त्याच्या टेबलापाशी आली. “दादा, कालचा पेपर मिळेल? घरी आहे तो शेजाऱ्यांचा, परत द्यायचाय. माझ्या नऊ वर्षांच्या पोरीचं आलंय त्यात. तिच्या बापाच्या हातून गोळी सुटली.” त्यानं पान उघडलं. नाव बदललं होतं, वय मागच्या मृताचंच राहिलं होतं, एकसष्ट. “चार ओळी, त्याही धड नाहीत,” शेजारच्या टेबलावरचा सहकारी पुटपुटला. “चुकलं, ताई. उद्या दुरुस्ती छापतो,” उपसंपादक म्हणाला. “नका छापू. तुमच्या पेपरात तरी पोर म्हातारी झाली. तिचा बाप तेवढंच वाचत बसलाय.” मंडळी, हात जोडाल तेव्हा त्या पोरीला आठवा, आणि बापालाही.