एका हाताची चढाई

“जफरचाचा, थांबा! वर जाऊ नका!”

रंजितानं शिट्टी अशी काही फुंकली, की टॉवरखाली जमलेल्या अख्ख्या तांड्याच्या माना तिच्याकडे वळल्या. जफरभाई तोवर तीसेक फूट वर पोचले होते. त्यांनी खाली पाहिलं. “काय झालं वं?”

“दुसरा हुक लावला नाही तुमी. खाली उतरा.”

झालं! कुजबुज सुरू झाली. रंजिता याच बंजारा तांड्यातली पोरगी, सहा महिन्यांपूर्वी अँटेना बसवणाऱ्या कंपनीत उमेदवार म्हणून लागलेली. आणि जफरभाई म्हणजे तिचे उस्ताद. महागावपासून घाटंजीपर्यंत कुठल्याही टॉवरवर बोट ठेवा, तिथं हा माणूस चढलेला. आज तिची शेवटची परीक्षा होती. खाली उभं राहून काम सांभाळायचं तिनं, वर चढायचं त्यांनी. आणि काम आटोपलं की साहेबांना सांगायचंही त्यांनीच, पोरगी ठेवायची की घरी पाठवायची. अशा माणसाला चारचौघांत शिट्टी मारून उतरवायचं म्हणजे आपल्याच अन्नात माती कालवायची.

बरं, जफरभाईंनी तरी काय वाईट केलं होतं? ते चढायला निघाले तेव्हा तांड्याचे नायक बापूजी पुढं आले. त्यांच्या हातात सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा, बांबूच्या काठीसकट. “तांड्यात पयल्यांदा नेटवर्क येऊन राह्यलं, भाई. येवढा झेंडा वरच्या कठड्याले बांधा.” जफरभाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. ग्रीसनं बरबटलेल्या पान्ह्यांच्या पिशवीत झेंडा कसा कोंबणार? त्यांनी तो डाव्या हातानं छातीशी धरला आणि चढू लागले. सांगा आता, कोण याला नावं ठेवील?

पण कमरेच्या पट्ट्याला दोन दोर असतात, दोन हुक असतात. वरचा हुक अडकला की मगच खालचा काढायचा. एका हातानं हे जमत नाही. जफरभाई एकच हुक काढत होते, वर लावत होते, आणि दर खेपेला दोन क्षण त्यांना कशाचाच आधार नसे. वर माणूस असताना कोणी सुरू करू नये म्हणून टॉवरखालचं नेटवर्कचं मशीन बंद करून कुलूप घातलेलं होतं, त्याची किल्ली चढणाऱ्याच्या म्हणजे त्यांच्याच खिशात होती, सगळं कसं नियमानं. हुकाचं तेवढं राहून गेलं.

“अवं, वीस वर्सं झाले मले,” जफरभाई हसले. “हातात झेंडा हाय ना! पोचलोच समज.” आणि त्यांनी हुक काढला. तेवढ्यात वारा सुटला. झेंडा उलगडून त्यांच्या तोंडावर फडफडला, पाय पायरीवरून निसटला. बायका किंचाळल्या. त्यांनी कोपरानं पायरी कवटाळली आणि हुक कसाबसा अडकवला.

“हलू नका!” रंजिता ओरडली. “दोन्ही हुक तिथंच लावा. मंग सामानाच्या दोरानं झेंडा खाली सोडा. मंग तुमी उतरा. हुक चुकला तं पयल्या पायरीपासून, तुमीच म्हणता ना?”

तेच म्हणत. सहा महिन्यांत रंजिताला त्यांनी अकरा वेळा असं उतरवलं होतं.

“मेले, उस्तादाले असं बोलते?” तिची याडी रामीबाई कडाडली. आईच ती, तिला पोरीची नोकरी जाताना दिसत होती. “वर गेलेला झेंडा कोणी खाली आणते का?” बापूजींचं तोंड तर असं झालं होतं, की बघवेना. रंजिताला रडू कोसळायच्या बेतात होतं. गेली आपली नोकरी, आता तांड्यातही तोंड दाखवायला जागा नाही, हे तिला दिसत होतं. तरी ती जागची हलली नाही.

झेंडा दोरानं खाली आला. तो मातीला लागू नये म्हणून रामीबाईनं पटकन आपली ओढणी पसरली. मागून जफरभाई उतरले. रंजितानं त्यांचा पट्टा तपासला, हुक ओढून पाहिले, तेव्हा ते शाळेतल्या पोरासारखे हात वर करून उभे राहिले. मग पहिल्या पायरीपासून, रिकाम्या हातांनी, दोन्ही हुक लावत ते वर गेले. झेंडा दोरानं वर ओढून घेतला आणि कठड्याला बांधला. त्यानंतर अँटेनाही तशीच वर गेली.

ते खाली आले, किल्लीनं कुलूप काढलं, मशीन सुरू झालं. मोबाईलवर नेटवर्कच्या दांड्या उमटल्या आणि पोरं नाचायला लागली. आता चाचणीचा फोन. जफरभाईंनी साहेबांना लावला, स्पीकर सुरू केला. सगळा तांडा भोवती गोळा झाला.

“आवाज छान येतोय,” साहेब म्हणाले. “पण दीड तास उशीर? त्या नव्या पोरीमुळं ना?”

“हो साहेब. तिच्यामुळंच.”

रंजितानं मान खाली घातली. रामीबाईनं तिचा हात घट्ट धरला.

“मी एकाच हुकानं चढलो होतो, साहेब,” जफरभाई म्हणाले. “मरत होतो आज. उस्तादानं खाली उतरवलं मले.”

“उस्तादानं? अहो, उस्ताद तर तुम्हीच ना तिथं?”

जफरभाईंनी रंजिताकडे पाहिलं. त्यांची छाती अभिमानानं फुलून आली होती.

“होतो, साहेब. आज सकाळपर्यंत.”