चेहऱ्याची परवानगी

"पट्टी मारणार नाही म्हणजे नाही!" मुखपृष्ठ करणारा हट्टालाच पेटला होता. "अहो साहेब, पुस्तक नशेवरचं. डोळेच झाकले तर उरलं काय? बाकडं?"

फोटो होताच तसा. बाकड्यावर आडवा पडलेला पोरगा, डोळे अर्धे मिटलेले, गाल आत गेलेले. फुकट फोटोंच्या साइटवरून त्यानं तो रीतसर घेतला होता. घ्या, छापा, कापा, अशी फोटोग्राफरनं सगळ्यांना मोकळीकच दिली होती. तरी यानं सकाळी फोन करून फोटोग्राफरशी बोलूनही घेतलं होतं.

प्रकाशक ऐकेनात. "अरे, फोटो फोटोग्राफरचा, चेहरा त्याच्या बापाचा आहे का? उद्या कुणी कोर्टात खेचलं तर तू येणार आहेस? त्या पोराची लेखी परवानगी आण. तो नसेल तर त्याच्या घरच्यांची. नाहीतर मुकाट्यानं पट्टी मार. संध्याकाळी छपाईला जायचंय."

झालं! आता याचं घर कुठं शोधायचं? तो तणतणत जागेवर आला. एवढं नाव काढणारं मुखपृष्ठ रोज हाती लागतं का?

तेवढ्यात प्रूफं तपासणाऱ्या मावशी मागं येऊन उभ्या राहिल्या. बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुलगा घर सोडून गेल्यापासून तर बोलणंही तुटलं होतं. त्यांनी चष्मा वर केला आणि स्क्रीनला हातच लावला.

"हा माझा आहे हो! दाढी वाढलीय, पण माझाच आहे. ही भुवईवरची खूण बघा, लहानपणी पडला होता." त्यांना हसावं की रडावं कळेना. "कुठं काढलाय हा? मी आत्ताच्या आत्ता निघते."

त्याचं काळीज लक्कन हललं. खोटं कशाला बोला, आनंदानंच हललं. त्यानं लगबगीनं खुर्ची ओढली, पाणी दिलं.

"बसा मावशी. फोटोग्राफर माझ्या ओळखीचा झालाय, सगळं सांगतो. आधी या कागदावर एवढी सही करा. ऑफिसचं काम हो, दुसरं काही नाही."

जन्मभर दुसऱ्यांची ओळ न् ओळ डोळ्यांत तेल घालून वाचलेल्या बाईनं त्या कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. सही केली. त्यानं बोट ठेवलं तिथं 'आई' असंही लिहिलं.

त्यानं कागद आत नेऊन दाखवला. प्रकाशकांनी मान डोलावली. मुखपृष्ठ छपाईला गेलं.

तो परत आला तेव्हा मावशी पर्स खांद्याला लावून दारातच उभ्या होत्या. "सांगा ना लवकर. कुठं भेटेल तो? मला बघून पळणार तर नाही ना?"

त्यानं कागद ड्रॉवरमध्ये नीट सरकवला.

"मावशी," तो म्हणाला, "तो असता तर तुमची सही कशाला घेतली असती?"