घसा कुणावर गेला?

"मोठा आ कर, बेगाइम."

डॉक्टरीणबाईंनी उजेड पाडला. सहा वर्षांच्या पोरीचा घसा पुन्हा लालबुंद झाला होता. या हिवाळ्यात हे कितव्यांदा, ते तिच्या आईच्या, आयझिरेकच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

"गारढोण ताक पाजलं असणार," शेजारी बसलेली तिची सासू सायरागुल म्हणाली. "नाहीतर ओल्या केसांनी अंगणात सोडलं असेल. आजकालच्या आयांना पोरं नको सांभाळायला, फोन हवेत!"

आयझिरेक खाली मान घालून पोरीच्या टोपीची गाठ सोडवत राहिली. लग्न होऊन नारिन गावी आल्यापासून सायरागुलचं बोलणं तिनं मुकाट्यानं ऐकलं होतं. पण लेक तापानं फणफणली, की तिलाही वाटे, माझंच काही चुकत असेल.

"ताकानं हे होत नाही, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे जंतू सगळ्याच पोरांच्या घशात शिरतात. बहुतेकांचं अंग त्यांना हुसकून लावतं. काहींच्या अंगाला ते जन्मतःच नीट जमत नाही. पुष्कळदा हे घराण्यातूनच येतं. हिचे टॉन्सिल काढू, त्रास बराच कमी होईल. घरात आणखी कुणाचे काढलेत?"

आयझिरेकचा जीव टांगणीला लागला. आता माहेरचा उद्धार होणार!

"माझे," सायरागुल म्हणाली.

आयझिरेकनं चमकून वर पाहिलं.

"हिच्याएवढीच होते. आई मला बर्फात खेळू द्यायची, म्हणून झालं. माझी आजी, म्हणजे आईची सासू, मरेपर्यंत तिला म्हणायची, 'माझी नात मारायला निघाली होतीस तू.'"

"बर्फामुळे नव्हतं ते. तुमच्या आईचा काही दोष नव्हता."

"पुन्हा सांगा."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सांगितलं. सायरागुलनं लगेच आईला फोन लावला. म्हातारीला ऐकू कमी. सगळा दवाखाना दणाणला.

"आई! बर्फामुळे नव्हतं गं! तुझी चूक नव्हती! डॉक्टर म्हणतात!"

पलीकडून एक हुंदका, आणि त्यामागोमाग खणखणीत हसू.

"जन्म गेला, तेव्हा कळलं होय तुला? सुनेला दे फोन."

आयझिरेकनं फोन घेतला.

"पोरी, सासू बोलते का गं तुला?"

तिनं सायरागुलकडे पाहिलं. सासू रुमालाच्या टोकानं डोळे पुसत होती.

"नाही हो, आजी!" ती मोठ्यानं म्हणाली.

"खोटारडी! मीही माझ्या आईला असंच सांगायचे. दे तिला परत. आता मी बोलते तिला!"

सायरागुलनं फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं सुनेचा हात घट्ट धरला.

"बोल, आई," ती हसत म्हणाली. "पोटभर बोल."