दर्याची पेनल्टी

“अंगठ्याने मारलास,” धम्मपाल म्हणाले. “म्हणून बाहेर गेला. पायाच्या आतल्या बाजूने मार.”

कळव्याच्या मैदानालगतच्या कठड्यावर, रविवारच्या त्यांच्या ठरलेल्या जागी ते बसले होते. शेजारी त्यांची मुलगी स्वप्ना थर्मासमधून चहा ओतत होती. चेंडू बाहेर घालवणारा भगवान धापा टाकत जवळ आला. रिक्षा चालवायचा, चाळिशी ओलांडलेली, पोट सुटलेलं.

“काका, तुमचं तोंड तर स्टेशनकडे होतं. कळलं कसं?”

“आयुष्यभर फुटबॉलची चित्रकथा केल्यावर बघावं कशाला लागतंय? आवाज पुरतो.”

“म्हणजे माझी लाथपण बदनाम झाली,” म्हणत भगवान खाली टेकला. “ते सोडा. दर्या पेनल्टी मारणार की घालवणार? घरात भांडण लागलंय. पोरगा बोलतो मारणार, मी बोलतो घालवणार.”

“तुझा तुझ्याच माणसावर भरवसा नाही?”

“हरतो म्हणून तर आपला वाटतो ना. मला परमिट नाकारलेलं तेव्हा दर्यापण सात-शून्यने हरलेला. पुढच्या बुधवारी परत मैदानात. मग मीपण गेलो परत ऑफिसात.”

दर्या म्हणजे धम्मपालांच्या चित्रकथेतला खेळाडू. ठाण्याच्या एका साप्ताहिकात दर बुधवारी एक पान. खाडीकाठचा, अनवाणी खेळणारा, वर्षानुवर्षं सतराच वर्षांचा. ज्यांनी त्याला शाळेत असताना वाचलं, त्यांची मुलं आता वाचत होती. मोबाइलवर जगभरचे सामने दिसत होते, तरी शेजारच्या दिवा गावातल्या पोरांत दर्याच्या सात नंबरच्या बनियनवरून अजून मारामारी व्हायची.

स्वप्नाने मान खाली घातली. असं काही कानावर आलं की तिला चेहरा आवरावा लागे. तिने कप बाबांच्या हातात दिला आणि त्यांची पकड बसेपर्यंत सोडला नाही.

“ताई, बोटं काळी झालीत,” भगवान म्हणाला. “अजून बाबांचे ब्रश धुताय?”

“कुणीतरी धुवायला हवेत ना.”

“काका, पोराला एक दर्या काढून द्या की. हा घ्या पेन.”

“घरून पाठवतो. असा रस्त्यावर काढला तर दर्या रुसेल.”

परतताना धम्मपालांनी नेहमीसारखा तिचा कोपर धरला. बापलेक अशी निघाली की लोकांना बरं वाटे. फक्त समोरच्या इमारतीतल्या तुळसाबाई कुरकुरायच्या, मोठा माणूस झाला, समोरून गेलं तरी ओळख देत नाही. त्या दिवशीही त्या गॅलरीत होत्या. “बाबा, तुळसामावशी,” स्वप्ना हळूच म्हणाली. धम्मपालांनी मान वर करून हात जोडले. तुळसाबाई इतक्या खूश झाल्या की संध्याकाळी वाटीभर शिरा आला.

दुपारी दोघं टेबलाशी बसली. आई गेल्यापासून घरात दोघंच. पान तयार होताना धम्मपाल सतत बोलत.

“पंचाने शिट्टी दिली. दर्याच्या चेहऱ्यावर काय आहे?”

“भीती,” स्वप्ना म्हणाली.

“भीती गोलकीपरला. याला लाज वाटतेय. सगळी खाडी बघायला आलीय, आणि अनवाणी असल्याचं त्याला आज पहिल्यांदा जाणवतंय.”

वाचलेली इतकी पुस्तकं डोक्यात होती, तरी हे तिला सुचलं नसतं.

उन्हं उतरली तेव्हा पान पूर्ण झालं. दर्या धावत सुटलेला, चेंडू अजून जाग्यावर. धम्मपालांनी कोपऱ्याला हलकेच बोट लावलं, शाई वाळली का ते पाहिलं.

“आता सांगून टाकू या गं.”

“पुढच्या वर्षी.”

“दरवर्षी तुझं पुढच्या वर्षी.”

“लोकांना तुम्ही जसे हवे आहात तसे राहा ना, बाबा.”

ते हसले. शिरा खाऊन झोपले. सकाळी उठले नाहीत.

पुण्यानुमोदनाला विहार भरून गेला. पांढरे कपडे घातलेली माणसं जिन्यापर्यंत बसली होती. वंदना झाली, मग एकेकजण बोलू लागला. तुळसाबाई म्हणाल्या, माणूस गर्विष्ठ वाटायचा, पण नव्हता. भगवान उठला. त्याने मुलाला पुढे केलं. मुलगा सात नंबरचा बनियन घालून आला होता.

शेवटी साप्ताहिकाचे संपादक संदेश उठले. बुधवारचं पान छापून झालं होतं.

“पुढचं पान आपल्याकडे नाही,” ते म्हणाले. “दिपेश चांगला चित्रकार आहे. त्याला करून बघायला सांगितलं होतं.”

दिपेशने बसल्या जागेवरूनच मान हलवली. “माणूस येतो, दर्या येत नाही. धावताना त्याच्या पायाची बोटं माती पकडतात, ते मला जमत नाही.”

“म्हणून आम्ही ठरवलंय,” संदेश म्हणाले, “दर्या इथेच थांबवायचा. तो हात गेला. दुसऱ्याच्या हाताने दर्या काढणं हा काकांचा अपमान होईल.”

“म्हणजे पेनल्टी मारणारच नाही?” भगवानच्या मुलाने विचारलं. भगवानने त्याला जवळ ओढलं.

स्वप्ना पहिल्या रांगेत होती. समोर बाबांचा फोटो, त्याला पांढरी फुलं. ती गप्प राहिली असती तर त्यांचं नाव असंच उजळ राहिलं असतं, आणि दर्या त्या चेंडूपर्यंत कधीच पोचला नसता. तिने फोटोकडे पाहिलं. मग उठली, माइक बाजूला सारला आणि भरल्या विहाराकडे तोंड केलं. मान ताठ होती.

“बाबांना गेली बारा वर्षं दिसत नव्हतं,” ती म्हणाली. “गोष्ट ते सांगायचे. दर्या मी काढते.”