पूर्वरंग पेट्रोलवर

"गॅसवर चालली नाही, तर आज ओढून नेतो, बुवा," भंगारवाले रज्जाकभाई म्हणाले.

कीर्तनाच्या दौऱ्यांत बावीस वर्षं ही जुनी व्हॅनच बुवांचं घर होती. पेट्रोल परवडेना, म्हणून गॅसकिट बसवलं होतं. व्हॅन पेट्रोलवर सुरू होताच बुवांनी घाईने गॅसचं बटण दाबलं, आणि इंजिन तिसऱ्यांदा बंद पडलं.

"अहो, पूर्वरंगाशिवाय आख्यान लावता का कधी?" शेजारी बसलेली बायको म्हणाली. "आधी तापू द्या की तिला."

या वेळी इंजिन पेट्रोलवर ठेवून बुवांनी अख्खा अभंग म्हटला, मगच बटण दाबलं. इंजिन अडखळलं, सावरलं आणि लयीत चालू राहिलं. बुवांनी आनंदाने हॉर्नच वाजवला.

रज्जाकभाईंनी दोर गुंडाळला. "आज कीर्तन कुठंय? जागा असेल तर मीही येतो."