थर्बीचं पिस्तूल

पाहुण्यांनी पिस्तूल उजेडात धरलं आणि हेमकांत सर जवळ सरकले. शहाद्यातल्या कॉलेजच्या हॉलमध्ये त्यांच्या संग्रहातली चकमकीची सात इंग्रजी पिस्तुलं आज पहिल्यांदाच मांडली होती. प्रत्येकाखाली चिठ्ठी होती: घडवणाऱ्याचं नाव, गाव, साल. लंडनचा कोणता कारागीर कोणाच्या हाताखाली शिकला, हे सरांना तोंडपाठ होतं.

पुण्याहून आलेले पाहुणे जाणकार होते. गारगोटी धरणाऱ्या घोड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. घोड्याच्या मानेला हंसासारखा बाक होता, त्यावर बारीक वेल कोरलेली.

"असा हात आता कुठे राहिला," ते म्हणाले. "थर्बी तो थर्बीच."

नळी लंडनच्या थर्बी या कारागिराची होती. घोडा नव्हता. मूळचा तुटलेला, म्हणून नासिरने तो नवा घडवला होता. नासिर एसटी स्टँडमागे कुलपं दुरुस्त करायचा. या घोड्यावर चार महिने खपला होता. पहिले तीन घोडे मनासारखे उतरले नाहीत म्हणून त्याने स्वतःच मोडून टाकले होते.

आणि तो तिथेच उभा होता. इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला, मदिनाला, आपलं काम दाखवायला घेऊन आलेला. सरांनीच बोलावलं होतं. पाहुण्यांनी सहज विचारलं, हे कोण?

चिठ्ठीवर एकट्या थर्बीचं नाव होतं. खरं सांगितलं तर आत्ताचं कौतुक विरून जाईल, असं सरांना वाटलं.

"आपलाच माणूस आहे," ते म्हणाले. "साफसफाई बघतो."

नासिरने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पाहुण्यांना म्हणाला, "हां, साहेब. काचा पुसाले उनू मी." खिशातून रुमाल काढून त्याने समोरची काच खरोखरच पुसली. मदिना त्याच्या हाताकडे पाहत राहिली.

त्या दिवशी सरांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच नवी चिठ्ठी लिहून ते नासिरच्या दुकानात गेले. 'नळी: थर्बी, लंडन. घोडा: नासिर शेख, शहादा.' नासिरने कानस बाजूला ठेवली आणि नेहमीसारखं स्टूल पुढे सरकवलं. सरांना बसवेना. चुकलं माझं, म्हणत त्यांनी चिठ्ठी पुढे केली.

डबा घेऊन आलेल्या मदिनाने ती घेतली, सावकाश वाचली आणि परत दिली.

"पाव्हना ते कालच ग्या, सर," ती म्हणाली. "आते हाई चिठ्ठी कोनले दखाडशात?"